‘आकृती पूर्ण करा’, गुण दोन

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे

विषय : प्राथमिक इयत्तांच्या नव्या पुस्तकांतील आकृत्यांबाबत



दहावीच्या मराठीची कुठलीही कृतिपत्रिका उघडा. उताऱ्याखाली मध्यभागी एक गोल असतो, त्यातून चार रेघा निघतात आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक रिकामी चौकट असते. वर सूचना असते, ‘आकृती पूर्ण करा’, आणि उजवीकडे गुण दोन. गोलात लिहिलेले शब्द मूल उताऱ्यात शोधते. त्यांच्या आसपास चार शब्द सापडतात, ते उचलून मूल चौकटींत ठेवते आणि पुढच्या कृतीकडे वळते. यासाठी नजर फिरवावी लागते, विचार करायची गरज पडत नाही. चौकटी चार आहेत म्हणजे उत्तरे चारच, हेही कागदाने आधीच सांगून टाकलेले असते. ही सवय दहावीत लागत नाही. ती तिसरी-चौथीच्या स्वाध्यायापासून, व्यवसायमालेपासून आणि गाईडपासून लागत आलेली असते. नव्या अभ्यासक्रमाची पहिलीची पुस्तके 2025-26 मध्ये आली. पुढच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे : शब्दजाळे, ओघतक्ता, एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे, झाडासारखा फाट्यांचा तक्ता ही लहान मुलाच्या विचाराला आधार देणारी फार चांगली साधने आहेत, पण तो आधार मिळतो आकृती काढताना. छापून आलेली आकृती भरताना तो जवळजवळ उरत नाही. प्रशिक्षणांत यांना ‘ग्राफिक ऑर्गनायझर’ म्हणतात. मी पत्रभर साधे ‘आकृती’च म्हणेन, कारण शिक्षक वर्गात तेच म्हणतात.

या साधनाचा जन्म कसा झाला ते पाहिले तर माझा मुद्दा लवकर कळेल. डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात मांडले की नवे ज्ञान टिकते ते मुलाच्या डोक्यात आधीपासून असलेल्या कल्पनांना ते जोडले गेले तर. नुसते पाठ केलेले सुटे राहते आणि सुटे गळते. त्याच विचारावर उभे राहून कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी पहिली-दुसरीच्या मुलांना विज्ञानाचे पाठ दिले आणि त्यांची समज पुढची बारा वर्षे तपासली. मुलाखतींच्या नोंदींचे ढीग साचले. मुलाला काय कळले होते आणि दोन वर्षांनी त्यात काय बदलले, हे त्या पानांतून हाताला लागेना. म्हणून 1972 मध्ये त्यांच्या गटाने प्रत्येक मुलाचे बोलणे एका आकृतीत मांडायला सुरुवात केली. कल्पना गोलात, दोन गोलांमध्ये बाण आणि बाणावर जोडणारा शब्द. हाच संकल्पना-नकाशा. म्हणजे ही आकृती मुळात मुलाला काही शिकवण्यासाठी जन्मलीच नव्हती. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते मोठ्यांना दिसावे म्हणून ती काढली गेली. आपण ती उलटी केली. आपल्या डोक्यातले छापून मुलासमोर ठेवले आणि दोन-चार घरे रिकामी सोडली.

आकृतीने मुलाला नेमकी मदत होते ती कशी? माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. मोठ्या माणसासाठी ही संख्या चारच्या आसपास मानली जाते, लहान मुलाची त्याहून कमी. ‘पाऊस लांबला, म्हणून पेरणी लांबली, म्हणून चारा कमी झाला, म्हणून दूध कमी झाले’ ही साखळी गावातल्या मुलाला अनुभवाने ठाऊक असते. तरीही चौथ्या कडीपर्यंत पोहोचेतो पहिली सुटते. कागदावर चार गोल आणि तीन बाण काढले की पहिली कडी कागद धरून ठेवतो आणि मुलाचे मन पुढच्या प्रश्नासाठी मोकळे होते : मग दूध कमी झाल्यावर काय झाले? जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1987 मध्ये याच गोष्टीचा बारकाईने विचार केला होता. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की एकत्र लागणारी माहिती आकृतीत शेजारी-शेजारी येते, त्यामुळे शोधाशोध वाचते. मात्र हे प्रत्येक आकृतीच्या बाबतीत खरे नसते. माहितीचा आकार आणि आकृतीचा आकार जुळला तरच. जलचक्र सूर्यासारख्या आकृतीत मांडले, म्हणजे मध्ये ‘पाणी’ आणि भोवती ‘ढग’, ‘पाऊस’, ‘नदी’, ‘वाफ’ असे किरण काढले, तर त्यातला क्रमच हरवतो. चक्र नाहीसे होते, नावांची यादी राहते.

म्हणूनच आकृतीचा आकार निवडणे हाच निम्मा विचार आहे, आणि पुस्तक ती निवड आधीच करून टाकते. आता स्वतः काढलेल्या आकृतीचा लाभ अधिक, याचा पुरावा. 2006 मध्ये जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी 55 अभ्यास आणि 5,818 विद्यार्थी एकत्र धरून पाहिले. संकल्पना-नकाशांमुळे शिकलेले अधिक टिकते असे त्यांना दिसले, पण नकाशा कसा वापरला आणि तुलना कशाशी केली यावर फायदा थोडा की मोठा हे ठरत होते. 2018 मध्ये आलेल्या आणखी मोठ्या आढाव्यात 142 तुलना आणि 11,814 विद्यार्थी होते. त्यात तयार नकाशा अभ्यासणाऱ्यांच्या बाबतीत परिणामाचे माप 0.43 आले, तर स्वतः नकाशा तयार करणाऱ्यांच्या बाबतीत 0.72. तयार आकृतीही उपयोगाची असते, हे यातून मान्य करायला हवे. तेव्हा पुस्तकातली प्रत्येक आकृती काढून टाका असे मी म्हणत नाही. पण मोठा लाभ मुलाच्या हातच्या आकृतीत आहे आणि आपली पुस्तके लहान लाभावर थांबतात. हेही सांगायला हवे की नेस्बिट यांच्या आढाव्यातले विद्यार्थी चौथीपासून पुढचे होते. पहिली-दुसरीसाठी हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

आकडे बाजूला ठेवून एक धडा घेऊ. चौथीच्या इतिहासात शिवरायांचे किल्ले येतात. समजा मुलांना रायगड आणि सिंधुदुर्ग यांची तुलना करायची आहे. छापील तक्त्यात दोन रकाने असतील. रायगड : डोंगरी किल्ला, राजधानी, 1674 चा राज्याभिषेक. सिंधुदुर्ग : जलदुर्ग, मालवणजवळचे कुरटे बेट, 1664 मध्ये बांधकामाला सुरुवात. मूल रकाने भरते आणि तुलना झाली असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोन याद्या झाल्या. आता त्याच मुलाला एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढायला सांगा. बाहेरच्या बाजू सहज भरतात, पण मधला भाग अडतो. दोन्हींत काय सारखे आहे? ‘दोन्ही शिवरायांचे’ हे लगेच येते. ते लिहिल्यावरही जागा उरते आणि ती उरलेली जागा मुलाला टोचत राहते. मग कुणाला तरी सुचते की रायगडावर गंगासागर तलाव आहे, आणि सिंधुदुर्गात, चारही बाजूंनी खारा समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दोन्हीकडे पिण्याच्या पाण्याची सोय. असे का बरे? एवढे लिहिले की वेढा म्हणजे काय, किल्ला वेढ्यात किती दिवस तग धरतो, दाणागोटा आणि पाणी संपले तर काय होते, हे सगळे प्रश्न वर्गात आपसूक येतात. हे प्रश्न पाठाखाली छापावे लागले नाहीत. मधल्या रिकाम्या जागेने ते विचारायला लावले. त्या जागेत आपण आधीच ‘गोड्या पाण्याची सोय’ छापले असते किंवा ‘गो____ पा____’ अशी मदत केली असती, तर दोन गुण मिळाले असते आणि वेढ्याचा प्रश्न कुणाच्याच मनात आला नसता.

इतक्या लहान मुलाला आकार निवडता येईल का, ही शंका रास्त आहे. पण मराठीने त्याची तयारी करून ठेवली आहे. ‘नंतर’, ‘मुळे’, ‘पेक्षा’, ‘पैकी’ हे चार शब्द मूल रोजच्या बोलण्यात वापरते. पुढच्या इयत्तांत आपण त्यांना शब्दयोगी अव्यये म्हणतो आणि त्यांचे प्रकार पाठ करायला लावतो. तिसरीच्या मुलाला ते नाव नको, शब्द पुरे. वाक्यात ‘नंतर’ येत असेल तर ओघतक्ता काढ. ‘मुळे’ येत असेल तर कारणापासून परिणामाकडे बाण काढ. ‘पेक्षा’ आला की दोन वर्तुळे आणि ‘पैकी’ आला की फांद्या. नोव्हाक यांच्या नकाशात बाणावर जो जोडणारा शब्द लिहायचा असतो तो इंग्रजीत बहुधा क्रियापद असतो. आपल्याकडे ते काम हे छोटे शब्द अधिक नेमके करतात, आणि म्हणून परदेशी नमुने भाषांतरित करून छापण्यापेक्षा या शब्दांपासून सुरुवात करणे मला जास्त सरळ वाटते. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतला फरक तर भल्याभल्यांना चकवतो. कोंबडा आरवल्यानंतर उजाडते, कोंबड्यामुळे नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण प्रत्येक घरात ऐकू येते. दोन गोलांमधल्या बाणावर यांपैकी कोणता शब्द लिहायचा यावर चौथीच्या वर्गात भांडण लागले, तर ती तर्कशास्त्राची पहिली तासिका समजावी.

पहिलीपासून भिंतीवर टांगलेला मुळाक्षरांचा तक्ताही, आकारातच विचार असतो, हेच सांगतो. क ते म ही पंचवीस व्यंजने आपण पाच-पाचच्या ओळींत छापतो. वरून खाली गेले की उच्चाराची जागा घशाकडून ओठांकडे सरकते. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यातल्या अक्षरांत ‘ह’चा श्वास मिसळलेला असतो. शेवटच्या रकान्यातली अक्षरे नाकातून येतात. जगातल्या सगळ्याच मुलांना वर्णमाला अशी आडव्या-उभ्या तर्कात मांडलेली मिळत नाही. आणि आपण ती गाण्यासारखी घोकून घेतो. हा तक्ता आहे, त्याला रकाने आहेत आणि रकान्यांना कारण आहे, हे बहुतेकांना मोठेपणी एखाद्या भाषाशास्त्राच्या पुस्तकात कळते, कळले तर. पंचवीस अक्षरांची कार्डे मुलांना विस्कटून द्यावीत, तोंडात जीभ कुठे लागते ते पाहून गट करायला सांगावे, आणि मग भिंतीवरचा तक्ता दाखवावा. त्याच तक्त्याचे काम वेगळे होईल.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत जड आक्षेप संशोधनातूनच आला आहे. 2011 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढले, दुसऱ्याने मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. आठवड्याने झालेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. मग नकाशे हवेत कशाला? हा निकाल मला मान्य आहे, आणि आपल्या ‘आकृती पूर्ण करा’वरचा सर्वांत नेमका अभिप्रायही तोच आहे असे मला वाटते. पुस्तक उघडे ठेवून त्यातले शब्द चौकटीत नेणे म्हणजे थोडी बरी दिसणारी नक्कल. याच दोघांनी 2014 मध्ये पुढचा प्रयोग केला. त्यात विद्यार्थ्यांनी मजकूर मिटून, आठवणीतून नकाशे काढले. या वेळी नकाशा मागे राहिला नाही, आठवून लिहिण्याच्या बरोबरीने ठरला. यातून शिक्षकाला वर्गात वापरता येईल अशी एक सूचना निघते, आणि तिला पैसे लागत नाहीत : धडा वाचा, पुस्तक मिटा, आकृती काढा, मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दुरुस्त करा. हे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले होते, हे विसरता येणार नाही. पण पुस्तक मिटून आठवणे लहान मुलाला अपायकारक ठरेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप प्राधान्याचा आहे. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची 23.4 टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. निपुण भारत अभियान 2021 पासून मुलांना वाचता यावे याच कामाला लागले आहे. मुलांना वाचता येत नसताना आकृत्यांचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. पण वाचन आणि विचार यांची रांग लावायची, आधी एक मग दुसरे, ही कल्पनाच मला पटत नाही. न वाचणारे मूल विचार करत नाही असे थोडेच आहे. पहिलीत आकृती खडूने जमिनीवर काढता येते. दोन गोल, त्यांत पाने, चिंचोके, बांगड्यांचे तुकडे. हे इकडे का, ते तिकडे का, हे तोंडी. वटवाघूळ पक्ष्यांच्या वर्तुळात ठेवायचे की पिल्लांना दूध पाजणाऱ्यांच्या, हा वाद चित्रांच्या कार्डांवर पहिलीत घालता येतो. मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारचे भिली बोलणारे मूल मराठी पुस्तकापुढे गप्प बसते, तेव्हा त्याच्याकडे सांगायला नसते असे नाही, मराठी वाक्य नसते. चार चित्रे आणि तीन बाण त्याला मांडता येतात. बाणावरचा शब्द आधी त्याच्या भाषेतला चालेल. आकृती वाक्याची जागा घेईल असे मात्र मी म्हणणार नाही. आकृती काढून झाली की तिच्यावरून चार वाक्ये बोलायची, पुढे लिहायची, हे झालेच पाहिजे. नाही तर बाणांचे सुंदर जंजाळ होते आणि मूल गप्पच राहते.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा असेल आणि तो मी हलका मानत नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, वर माहिती भरण्याचे काम. छापील आकृतीचे उत्तर एकच असते, तपासायला सोपे. रिकाम्या पानावर तीस मुलांच्या तीस आकृत्या येतील, त्या कोण तपासणार? तर प्रत्येक आकृती तपासू नये. दोन आकृत्या फळ्यावर काढाव्यात आणि वर्गाला विचारावे की या दोघांत कुठे फरक आहे. चूक असलेली आकृती शिक्षकाला अधिक उपयोगी पडते, कारण मुलाचा गैरसमज कोणत्या बाणावर बसला आहे ते तिथे दिसते. नोव्हाक यांना तेच हवे होते. गुण द्यायचेच तर आकृतीला देऊ नयेत, तिच्यावरून लिहिलेल्या वाक्यांना द्यावेत. आकृतीला गुण ठेवले की गाईडवाले महिन्याभरात ‘आदर्श आकृती’ छापतील, यात मला शंका नाही.

आणि तुमच्याकडून येणारा आक्षेप मला आधीच ऐकू येतो : रिकामी पाने आम्ही देऊन पाहिली. 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग केले, पाठांना ‘माझी नोंद’ची कोरी पाने जोडली. दप्तर हलके व्हावे, गरीब पालकांचा वह्यांचा खर्च वाचावा असा हेतू होता. मुले तरीही वेगळ्या वह्या आणत राहिली, आणि जानेवारी 2025 मध्ये शासनाने ही पाने बंद केली. निर्णय दप्तराच्या वजनावर घेतला होता आणि वजनावरच मोडला. त्या पानांवर मुलांनी काय करायचे, हा प्रश्न कुणी पुरेसा विचारलाच नाही. नऊ वर्षांच्या मुलापुढे पूर्ण कोरे पान ठेवून ‘नोंद कर’ म्हटले तर ते फळ्यावरचे उतरवून घेईल, दुसरे काय करणार? एकीकडे आपण आकार दिला आणि मोकळीक दिली नाही, दुसरीकडे मोकळीक दिली आणि आकार दिला नाही. हे दोन्ही एका पानावर कधी आलेच नाही.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. कागद वाढवू नका, चार भागही पुन्हा करू नका. तिसरी आणि चौथीच्या परिसर अभ्यासात प्रत्येक पाठाखाली अर्धे पान मोकळे ठेवा. त्यावर गोल, चौकट, बाण काहीही छापू नका. वरच्या कोपऱ्यात फक्त एक शब्द छापा : ‘नंतर’, ‘मुळे’, ‘पेक्षा’ किंवा ‘पैकी’. चौथीच्या उत्तरार्धात तोही शब्द काढून टाका, कोणता लागतो ते मुलांना ठरवू द्या. खाली सूचना द्या : पुस्तक मिटून आकृती काढ, मग शेजारच्याला तिच्यावरून सांग. शिक्षक-हस्तपुस्तिकेत मुलांच्या चुकलेल्या आकृत्यांचे नमुने द्या, बरोबर आकृत्यांचे नकोत. आणि स्वाध्यायातली ‘आकृती पूर्ण करा’ ही कृती पाचवीच्या आत तरी ठेवू नका.

सर्व इयत्तांत एकदम हे नको असेल तर एका जिल्ह्यात, एका पाठापुरते करून पाहा. रायगड आणि सिंधुदुर्गाचा पाठ त्यासाठी चांगला आहे.

आपला नम्र,
प्राथमिक शिक्षणाचा एक अभ्यासक